मैफल मुंबईत, कान पालीत

संध्याकाळी बिंदुसरा धरणाकडे चक्कर मारायची, एक इअरफोन माझ्या कानात, दुसरा मित्राच्या. बारावीपासूनची आमची सवय आहे ही. एकदा घरी चुकून फोनचा स्पीकर चालू राहिला, तेव्हा आजी आतून ओरडली होती, "ह्या माणसाला कुणी मारायलंय का रं?"

मारत कुणी नव्हतं. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा ब्रूस डिकिन्सन गात होता आणि त्याच्यासमोर हजारो लोक आनंदाने बेंबीच्या देठापासून ओरडत होते. गंमत म्हणजे ते लोक मुंबईचे होते.

१ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनची मैफल झाली. त्यांच्या जगदौऱ्याची सुरुवातच तिथून होती. पुढे ४५ दिवसांत २३ कार्यक्रम झाले. बँड, वाद्यं आणि सगळा लवाजमा एका बोइंग ७५७ विमानातून फिरत होता आणि ते विमान चालवायला खुद्द गायक डिकिन्सन बसायचा. या दौऱ्यावर 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट निघाला आणि त्याच नावाचा लाइव्ह अल्बम २००९ मध्ये आला. त्यातलं प्रत्येक गाणं वेगळ्या शहरात रेकॉर्ड केलेलं आहे आणि अल्बम उघडतो तो मुंबईत. म्हणजे जगात कुठेही कुणी तो लावला, तरी पहिल्यांदा कानावर पडतो तो आपल्या राज्यातल्या पब्लिकचा आवाज.

आता हे सगळं आज कशाला? कारण सध्या 'कॉन्सर्ट इकॉनॉमी' हा शब्द सगळीकडे ऐकू येतोय. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबई आणि अहमदाबादच्या कार्यक्रमांनंतर पंतप्रधानांनीही त्याचा उल्लेख केला. मे २०२५ मध्ये गन्स एन' रोझेस महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, जानेवारी २०२६ मध्ये तिथेच लिंकिन पार्क आले. तिकिटं किती खपली, हॉटेलं किती भरली, विमानाचे दर किती चढले, याच्या बातम्या भरपूर झाल्या. पण जो मैदानात पोचलाच नाही, त्या श्रोत्याचा हिशोब कुणी मांडला नाही. आणि असे श्रोते मैदानातल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

तिकीट परवडतं, बाकीचं नाही

पालीतून मुंबईची मैफल गाठायची म्हणजे काय करावं लागतं ते बघा. तिकिटाचे पैसे एक वेळ मित्रांकडून उसने मिळतात. पण रात्रभराची ट्रॅव्हल्स, मुंबईत आंघोळीपुरती तरी जागा, रात्री मैदान रिकामं झाल्यावर परतीची सोय आणि दोन दिवसांचा बुडालेला रोज हे सगळं धरलं की खर्च दुपटीवर जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण मुंबईच्या मैफलीला जाऊन सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं, तर ती अजून फारशी उपयोगाची नाही. मुलींसाठी तर घरून परवानगी मिळवणं हाच सगळ्यात मोठा खर्च.

म्हणून आमच्यासारख्यांसाठी लाइव्ह अल्बम ही मैफलीची आठवण नसते. तीच आमची मैफल असते.

खरं किती, नंतर जोडलेलं किती?

मेटलचे श्रोते लाइव्ह अल्बमबद्दल फार चोखंदळ असतात. पहिला वाद ठरलेला असतो, हे खरंच 'लाइव्ह' आहे का? जुडास प्रीस्टचा १९७९ चा 'अनलीश्ड इन द ईस्ट' जपानमधल्या कार्यक्रमांत रेकॉर्ड झाला, पण गायक रॉब हॅलफर्डने आपला आवाज नंतर स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड केला. लोकांनी अल्बमच्या नावातला 'ईस्ट' काढून तिथे 'स्टुडिओ' बसवला आणि चिडवायला सुरुवात केली. तरीही तो अल्बम आजही आवडीने ऐकला जातो. श्रोत्याला थोडी डागडुजी चालते, फसवणूक झाल्यासारखं वाटलं की चालत नाही.

दुसरा वाद ओघाचा. मेडनचाच १९८५ चा 'लाइव्ह आफ्टर डेथ' बहुतांश कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. डिकिन्सनला समोरच्या गावाचं नाव घेऊन ओरडायला लावायची सवय. त्या अल्बममुळे लाँग बीच हे नाव जगभरच्या मेटलवाल्यांना पाठ झालं, तिथे कधी पाऊल न ठेवता. 'फ्लाइट ६६६' मध्ये मात्र गाणं बदललं की शहर बदलतं. एका रात्रीत बँड कसा तापत जातो, घसा कसा बसत जातो, ते त्यात सापडत नाही. ही तक्रार मला पटते. पण त्याच रचनेमुळे मुंबईला जगातल्या मोठमोठ्या शहरांच्या रांगेत जागा मिळाली, हेही खरं.

त्या सुरुवातीतच एक विचित्र गोष्ट आहे. मेडनच्या त्या गाण्याआधी विन्स्टन चर्चिलचं १९४० मधलं युद्धकाळातलं भाषण वाजतं. ज्या माणसाला आपलं स्वातंत्र्य नको होतं, ज्याच्या काळात १९४३ चा बंगालचा दुष्काळ पडला, त्याचा आवाज मुंबईत घुमतो आणि पोरं जल्लोष करतात. तो जल्लोष चर्चिलसाठी नसतो, पुढच्या क्षणी सुरू होणाऱ्या गिटारसाठी असतो. तरी हे माहीत असताना ऐकलं की दरवेळी थोडं टोचतं. आवडतं ते ऐकताना टोचतं तेही ओळखावं, असं मला वाटतं.

इंग्रजी येत नाही? सुरावट गा!

मेटल म्हणजे शहरातल्या इंग्रजी शाळांतल्या पोरांचं फॅड, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. त्याला माझं उत्तर मेडनच्याच 'रॉक इन रिओ' या २००२ च्या अल्बममध्ये आहे. जानेवारी २००१ मध्ये ब्राझीलमध्ये अडीच लाखांच्या गर्दीसमोर तो रेकॉर्ड झाला. पोर्तुगीज बोलणारी ती गर्दी गाणं तर गातेच, पण 'फिअर ऑफ द डार्क' मध्ये गिटारची सुरावटही गाते. तिथे शब्दच नाहीत, त्यामुळे भाषेची अडचणही नाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला सप्त्यातलं कीर्तन आठवलं. महाराज एक चरण म्हणतात आणि मांडव तो उचलून धरतो. टाळकऱ्यांशिवाय आणि समोरच्या माणसांशिवाय केलेलं कीर्तनाचं रेकॉर्डिंग कोरडं वाटतं, तसंच मेटलचं आहे. गर्दी हे त्यातलं एक वाद्यच आहे.

आणि गोंगाटाचं म्हणाल, तर वरातीत डीजेच्या भिंतींनी घराच्या काचा थरथरतात ते आपण 'हौस' म्हणून सोडून देतो. इअरफोन लावून गुपचूप बसलेल्या पोराला मात्र डोकं फिरलंय म्हणतो!

मग करायचं काय?

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथ आणि ऑझी ऑस्बोर्नची निरोपाची मैफल झाली. ती पैसे भरून ऑनलाइन बघता येत होती. १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. ज्यांनी घरबसल्या रात्र जागवली, त्यांनाही त्या निरोपात आपण होतो असं वाटलं. कोल्डप्लेचा २६ जानेवारी २०२५ चा अहमदाबादचा कार्यक्रमही हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. म्हणजे तंत्र आहे, सोय करता येते. मोठ्या मैफलींना परवानग्या आणि सवलती देताना सरकारने आयोजकांपुढे प्रक्षेपणाचा आणि रेकॉर्डिंगचा विषय काढायला काय हरकत आहे? परवडेल अशा दरात ते मिळालं, तर जिल्ह्यातली पोरं नक्की घेतील.

आपल्या बँडनीही हे मनावर घ्यावं. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' गाजला, रंगभवनात पिढ्या घडल्या. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातल्या मैफली थांबल्या. तिथल्या गर्दीचा आवाज आज माझ्या वयाच्या पोराने कुठे ऐकायचा? छोट्या हॉलमधल्या दोनशे लोकांपुढचा कार्यक्रम असला तरी तो नीट रेकॉर्ड करा. गाण्यांसोबत समोरच्यांचा आवाजही ठेवा.

आणि आपण श्रोत्यांनी? लाइव्ह अल्बम शफलवर लावू नका. दोन गाण्यांमधली बडबड, टाळ्या, ओरडा पुढे ढकलू नका. मैफल तिथेच असते.

आमच्या आजीला परवा मी तो मुंबईचा तुकडा मुद्दाम ऐकवला. तिने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "एवढी माणसं जमली, जेवणाचं काय केलं असंल?" गाण्याबद्दल ती काही बोलली नाही. पण यावेळी इअरफोन तिने स्वतःहून काढला नाही.