मर्केल सेल कॅन्सर: औषध आहे, परवडणार कोणाला?

चेहऱ्यावर किंवा हातावर लालसर-जांभळी गाठ येते. दुखत नाही, पण काही आठवड्यांतच वाढते. अशा गाठीवर मलम चोळत बसू नका, बायोप्सी करून घ्या. मर्केल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा दुर्मीळ, पण झपाट्याने पसरणारा कॅन्सर बरेचदा असाच सुरू होतो. कॅन्सरच्या पेशी रोगप्रतिकारशक्तीला ब्रेक लावतात. इम्युनोथेरपी तो सोडवते. अमेरिकेत २०१७ मध्ये अ‍ॅव्हेलुमॅब हे या आजारावरचं पहिलं औषध मंजूर झालं.

पण मुरूड-श्रीवर्धनच्या मच्छीमार कुटुंबाने लाखो रुपये आणायचे कुठून? वाट दाखवली आहे टाटा मेमोरियलने, ज्यांचं एक केंद्र रायगडातच, खारघरला आहे. त्यांच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या कॅन्सरच्या, आजार बळावलेल्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत निव्होलुमॅब दिलं. डोस दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. एरवी दोन आठवड्यांना २४० देतात! वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६ टक्के होतं, ते ४३ वर गेलं.

हे आकडे मर्केलला जसेच्या तसे लागू होत नाहीत. वेगळी चाचणी हवी. कमी औषध खपवणाऱ्या चाचणीत कंपनी पैसा कशाला घालेल? तो सरकारनेच घालावा. रुग्ण इतके कमी की एका रुग्णालयाचं हे काम नाही, नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या रुग्णालयांना एकत्र उतरावं लागेल.