आधी विचारा, मग बनवा



आपल्या दोंडाईचात उन्हाळा लागला की गच्चीवर बिबडे, कुरडया, नागलीचे पापड वाळायला लागतात. ते सगळेच घरी खायला नसतात. कितीतरी माय-बहिणी सुरत, नाशिक, पुण्याच्या ऑर्डरी घेतात. कुणी ब्लाऊज शिवून देतं, कुणी रुखवताचं सामान करून देतं. म्हणजे आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी एक छोटा धंदा रोज चालू असतो. शाळेत मात्र तो कुठेच दिसत नाही. माझं म्हणणं असं, की तो शाळेत यायला हवा. आणि फक्त ‘वस्तू कशी बनवायची’ यासाठी नाही, तर ‘ती कुणासाठी बनवायची’ हे शिकवण्यासाठी.

कार्यानुभवाच्या तासाला आपण काय करतो? चाळीस मुलं, चाळीस एकसारखे आकाशकंदील. फोटो छान निघतो. पण त्यात मुलांना कुणाला काही विचारावं लागत नाही. ऑर्डरप्रमाणे बनवणाऱ्याचं काम नेमकं विचारण्यापासूनच सुरू होतं. बिबड्यांचंच घ्या. तिखट किती घालायचं? घरात लहान मुलं आहेत का? तीळ हवेत का? कधी न्यायचे? हे न विचारता दहा किलो करून ठेवले, तर हाताला कितीही चव असो, गिऱ्हाईक नाराजच होणार.

असं विचारून बनवण्याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत दीडशेहून अधिक वर्षांपासून सतार आणि तंबोरे हाताने बनतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, पण तंबोरा कसा हवा हे ठरतं गाणाऱ्याच्या आवाजावरून. पुरुष गायकासाठी तो मोठा, गायिकेसाठी त्यामानाने लहान. पट्टी कोणती, त्याप्रमाणे तारा. मग घोडी घासून जवारी लावतात, तेव्हा कुठे तो हवा तसा गुंजतो. वापरून वापरून जवारी उतरली की पुन्हा लावून घ्यावी लागते. म्हणजे वस्तू दिली, पैसे घेतले, विषय संपला, असं या कामात नसतं.

हेच आपल्या वर्गात कसं आणायचं? प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाची ऑर्डर घ्यावी. समजा, कापडी पिशवी. आधी वहीत लिहून घ्यायचं: कशासाठी हवी, लांबी-रुंदी किती, बंद खांद्यावर अडकवण्याएवढा की हातात धरण्याएवढा, कोणत्या दिवशी द्यायची. लिहिलेलं समोरच्याला वाचून दाखवायचं. इथे भाषा आली, मापन आलं. ‘एक वीत’ म्हटलं तर आजीची वीत आणि नातीची वीत सारखी नसते, हे कळलं की सेंटिमीटर का लागतो ते सांगावं लागत नाही.

मग हिशोब. कापड ६० रुपये, दोरा आणि बंद १० रुपये, काम दोन तास. पिशवी १०० रुपयांना दिली तर हातात ३० रुपये, म्हणजे तासाला १५. हे गणित फळ्यावर मांडा आणि मुलांनाच विचारा, परवडलं का? आपल्याकडे बायकांच्या धंद्यात सगळ्यात जास्त बुडते ती मेहनतीचीच किंमत, कारण ती कुणी लिहीतच नाही. मुलगी पाचवीत हे शिकली, तर उद्या स्वतःचा भाव सांगताना अडखळणार नाही.

‘गिऱ्हाईक म्हणेल ते खरं’ हे मात्र शिकवू नका. गिऱ्हाईकाचं समाधान म्हणजे ठरलं तसं आणि ठरल्या दिवशी देणं. जमणार नसेल तर आधीच ‘नाही’ सांगणं हाही प्रामाणिकपणाच. चूक आपली असेल तर उसवून पुन्हा शिवायचं. मागणीच मध्ये बदलली असेल, तर वाढीव कामाचे पैसे नम्रपणे सांगायचे. वहीत लिहिलेलं असलं की भांडण होत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. प्राथमिकच्या आपण तरी थांबायचं कशाला? शिवणकाम करणाऱ्या एखाद्या आईला एक तास वर्गात बोलवा. माप कसं घेते, काय काय विचारते, ते मुलांना बघू द्या. त्या आईचं मूल त्या दिवशी वर्गात किती ताठ बसतं तेही बघा. घरचं काम हेही ज्ञान आहे, हे त्याला आपणच सांगायचं आहे.

पालकहो, तुम्हीही एक करा. पुढची ऑर्डर घेताना मुलाला शेजारी बसवा आणि वही त्याच्या हातात द्या.