पोराला खोली मिळाली, माणूस मिळाला काय?

पोराला शहरांत शिकावयास धाडलें, फी भरली, खोली मिळाली, कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपण समजतों. पण त्या खोलींत त्याला माणूस भेटला काय, हें कोण विचारतो?

बहिष्कृत हितकारिणी सभेनें १९२५ सालीं आपल्या सोलापुरांत अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह उघडलें. त्याच्या आदल्या वर्षीं भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें बोर्डिंग काढलें. पोरें उपाशी राहूं नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रहि मोडलें. पैसा नव्हता, पण पोराच्या ताटाकडे पाहणारी आई होती.

आज सोलापुरास २००४ पासून स्वतःचें विद्यापीठ आहे, कॉलेजें आहेत. इमारती वाढल्या, माया वाढली काय? २०१६ सालीं हैदराबादेंत रोहित वेमुलानें आणि २०१९ सालीं मुंबईंत डॉ. पायल तडवीनें जीव दिला. जातीवरून छळ झाला, असा पायलच्या आईचा आरोप आहे. रॅगिंगविरुद्ध कायदा महाराष्ट्रांत १९९९ पासून आहे. कायदा मारणाऱ्याचा हात धरील; पण नव्या पोराच्या खांद्यावर हात ठेवावयाचा तो माणसानेंच.

"हल्लींचीं पोरें नाजूक झालीं," असें कांहीं शहाणे म्हणतात. सोलापूरच्या विणकरास आम्ही विचारतों: मागावर धागा तुटला तर तुम्ही सुताला शिव्या देत बसतां, कीं गांठ मारतां?

आणि नुसता दुसऱ्यांस बोल लावून भागणार नाहीं. आमचींच पोरें दुसऱ्या वर्षांत गेलीं कीं खेड्यांतल्या पोराच्या बोलीला हंसतात, आडनांवावरून जात ताडतात, मग जवळ बसवितात किंवा टाळतात. हें नवें सोंवळें नव्हे तर काय? बापजाद्यांनीं जें सोसलें तेंच लेकरांनीं दुसऱ्यावर लादावें, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

प्रत्येक जुन्या विद्यार्थ्यानें एका नव्या पोराला धाकटा भाऊ मानून पहिले सहा महिने सांभाळावें. सर्वांची पंगत एक असावी. जेवणाला कोणी आला नाहीं, तर रेक्टरनें स्वतः त्याच्या खोलीवर जावें. यास सरकारी ग्रँट लागत नाहीं.

आईबापांनो, फोनवर तुम्ही "जेवलास का?" असें विचारतांच. यापुढें "कोणाबरोबर जेवलास?" हेंहि विचारा. रोज "एकटाच" असें उत्तर येऊं लागलें, तर हातचें काम टाकून एस्टी धरा आणि पोराला भेटा.