बोट कुणाचे आणि किल्ला कुणाचा?

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात जे घडले त्याची चर्चा कँटीनपासून बसस्टँडपर्यंत पुष्कळ झाली. त्या चर्चेत माझे नाव कुठेच आले नाही. एलईडीच्या भिंतीमागे लॅपटॉपवर कोण बसले आहे हे प्रेक्षकांना दिसत नाही, आणि कुणी विचारतही नाही. म्हणून आधी कबुली देऊन टाकतो. ते बटण मी दाबले होते.

ज्या विद्यार्थी-मित्रांनी यंदाच प्रवेश घेतला त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. कन्नड विभागाची राणी चन्नम्मावरील नाटिका चालू होती. १८२४ साली कित्तूरच्या राणीने कंपनी सरकारच्या फौजेला धूळ चारली, कलेक्टर थॅकरे त्या लढाईत पडला, तो भाग. राणीने रंगमंचाच्या मध्यभागी येऊन तलवार उंचावली, आणि तिच्या पाठीमागे कित्तूरचा पडका कोट दिसण्याऐवजी दिसला रायगड! नुसता दिसला नाही, तुतारीसह दिसला. ती चित्रफीत आमच्या मराठी विभागाच्या राज्याभिषेकाच्या प्रवेशासाठी होती व तो प्रवेश अजून दोन कार्यक्रमांनंतर यायचा होता. सभागृहाच्या एका अंगाने ‘जय भवानी’ उठली, दुसऱ्या अंगाने ‘निल्लिस्री, निल्लिस्री’ असा ओरडा झाला. मला योग्य चौकट सापडेपर्यंत दहाबारा सेकंद गेले असतील. राणीचे काम करणारी मुलगी तेवढा वेळ हात तसाच वर धरून उभी होती. तिला मागचे काही दिसत नव्हते.

हीच चूक पुण्यात किंवा म्हैसुरात झाली असती तर लोक हसले असते आणि विसरले असते. आपला मुलूख निराळा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून येथे पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली यावरून मोर्चे निघत आले आहेत. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत या घटनेच्या दोन आवृत्त्या तयार झाल्या होत्या यात नवल नाही. एकीत हे मराठी मुलांनी मुद्दाम केले होते. दुसरीत कन्नड मुलांनी आमची चित्रफीत पळवून वापरली होती. निव्वळ वेंधळेपणा ही तिसरी शक्यता कुणाच्या मनात आली नाही. वेंधळेपणाला आपल्याकडे जात, भाषा आणि पक्ष चिकटल्याशिवाय तो पुरा होत नाही!

नाटिका बसवणारी कन्नड विभागाची विद्यार्थिनी त्याच रात्री तडक माझ्याकडे आली. भांडायलाच आली असावी. मी काही न बोलता लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तक्त्यात दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या. दोन्हींत पहाटेच्या अंधुक उजेडातला काळा दगड. एकीखाली नाव ‘फोर्ट फायनल’, दुसरीखाली ‘फोर्ट फायनल न्यू’. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अण्णा, एरडू कोटेना?” दोन्ही किल्लेच का, म्हणून. मग स्वतःच म्हणाली की ‘न्यू’ हे नाव तिनेच दिले होते, कारण पहिल्या फितीला आवाज नव्हता. एक फीत मोबाईलवर आली होती, दुसरी पेनड्राइव्हवर, आणि दोन्ही माझ्या हाती पडल्या त्या कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला.

येथे मला माझ्या मुद्द्याकडे यायचे आहे. चित्रफिती लावणे आणि वेळेवर सोडणे हे काम आपण भाड्याने आणलेल्या एलईडीवाल्याचे समजतो. माझ्या मते ते नाटकाचे काम आहे, आणि आपल्या महाविद्यालयात तर ते दोन्ही विभागांनी एका टेबलावर बसून करायचे काम आहे.

आम्ही वापरली ती संगणकप्रणाली रेझोल्यूम नावाची. हॉलंडमध्ये तयार झालेली आणि जगभर गाण्यांच्या जलशांत वापरली जाणारी. ती उघडली की पडद्यावर चौकटींचा तक्ता दिसतो. जुन्या छापखान्यात खिळ्यांची केस असे, अक्षरागणिक एक खण, तसाच हा प्रकार. प्रत्येक चौकटीत एक चित्रफीत. आडव्या ओळी म्हणजे थर. वरच्या थरातले चित्र खालच्यावर चढते. उभ्या रांगेच्या माथ्यावर टिचकी मारली की त्या रांगेतल्या सगळ्या थरांच्या फिती एकदम सुटतात: मागे किल्ला, त्यावर धुके, त्यावर नाव. म्हणजे एक उभी रांग हा नाटकातला एक क्षण धरता येतो. शिवाय असे अनेक तक्ते वेगवेगळे ठेवता येतात. त्यांना डेक म्हणतात. एका नाटिकेचा तक्ता काढून दुसरीचा समोर आणला तरी चालू असलेले चित्र थांबत नाही.

हे सगळे हाताशी असताना मी काय केले होते? ज्या क्रमाने फिती मिळाल्या त्याच क्रमाने एकाच तक्त्यात ओतल्या होत्या. धान्याच्या कोठीत तांदूळ, तूर आणि ज्वारी एकत्र ओतावी तसे. आणखी एक गोष्ट मला नंतर कळली, ती लिहून ठेवतो. चौकटीतल्या चित्रावर टिचकी मारली तर फीत थेट पडद्यावर जाते. चित्राखालच्या नावावर मारली तर ती फक्त आपल्यापुरत्या छोट्या खिडकीत दिसते. कंपोझिटर खिळे जुळवल्यावर आधी प्रूफ काढतो. मला प्रूफ काढायची सोय होती आणि मी सरळ छापून मोकळा झालो. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्रात कित्तूर कोणते आणि रायगड कोणता हे ओळखता येईल असा माझा भ्रम होता.

यावर आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी उपाय सुचवला आहे: सगळ्या फिती क्रमाने जोडून एकच लांब फीत करावी व सुरुवातीला एकदा चालू करावी. चूक होण्याचा प्रश्नच नाही. या सूचनेमागे अनुभव आहे हे मी नाकारत नाही. बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथांवरचे सजीव देखावे आपण लहानपणापासून बघत आलो. त्यांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि पात्रे त्यावर अभिनय करतात. चौक बदलतो, प्रेक्षक बदलतात, ट्रॅक्टर पुढे सरकतो, गोंगाट तर विचारू नका. तेथे तयार फीतच हवी. बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्यसुद्धा मुद्रित ध्वनीवरच उभे आहे. तथापि ज्या नटाला स्वतःच्या तोंडाने बोलायचे आहे त्याच्यामागे लांब फीत लावणे म्हणजे त्याला धावत्या बसच्या मागे पळवणे. टाळ्या पडल्या, तो थांबला, की फीत पुढे निघून गेली. एखादे वाक्य गिळले की फीत मागे राहिली. चूक टळत नाही. ती फक्त बटण दाबणाऱ्याच्या माथ्यावरून नटाच्या माथ्यावर जाते.

दुसरी सूचना अधिक कडक आहे: एलईडीचे थेरच बंद करा. पूर्वी पडदा रंगवून नाटके होत नव्हती काय? होत होती. पण त्याच काळात, १८९२ साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली होती, हेही ध्यानात घ्यावे. काचांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची, जोडीला निवेदन आणि संगीत, आणि चित्रे हलल्याचा भास. चित्रपट भारतात येण्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. त्या काचा कोणत्या क्रमाने हाताशी ठेवायच्या आणि निवेदकाच्या कोणत्या शब्दावर बदलायच्या, हे त्या मंडळींना पाठ असल्याखेरीज खेळ होणेच शक्य नव्हते. आपण काचेच्या जागी फीत आणली आणि पाठांतर मात्र सोडून दिले.

मराठी रंगभूमीवर विंगेत प्रॉम्प्टर उभा असे. त्याला नटाइतकेच नाटक पाठ, किंबहुना थोडे जास्तच. बटणावर बसणाऱ्याची जागा तीच आहे, आणि तो पहिल्या तालमीपासून हवा. मी चन्नम्मेची नाटिका प्रथम पाहिली ती प्रत्यक्ष कार्यक्रमात. कन्नड मला घरच्यासारखे समजते, बोलता येते. वाचायला मात्र अडखळतो. तिने संहितेची प्रत आणून दिली होती, ती मी चाळलीच नाही.

यंदासाठी आम्ही दोघांनी मिळून काही ठरवले आहे व ते सांस्कृतिक मंडळापुढे ठेवले आहे. प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र डेक. फितीच्या नावात आधी कार्यक्रमाचा क्रमांक, मग प्रवेश, मग चित्र, दोन्ही लिप्यांत. ‘फायनल’ हा शब्द नावात वापरण्यास सक्त मनाई. मराठीच्या चौकटी एका रंगाच्या, कन्नडच्या दुसऱ्या; रंग कोणते यावर वाद होईल हे ओळखून आम्ही भगवा, लाल आणि पिवळा तिन्ही वगळून निळा आणि हिरवा घेतला. दोन कार्यक्रमांच्या मध्ये एक काळी चौकट, आपल्या या अंकात मराठी व कन्नड विभागांच्या मध्ये कोरे पान असते तशी. फिती तीन दिवस आधी मिळाल्या पाहिजेत, कारण मोबाईलवरची फीत जशीच्या तशी लावली की ती अडखळते. तिच्यात बहुतेक चित्रे पूर्ण नसतात, आधीच्या चित्रापासून काय बदलले तेवढेच साठवलेले असते. ती डीएक्सव्ही स्वरूपात बदलून घेतली की प्रत्येक चित्र पुरे होते. जागा पुष्कळ लागते, पण बोट पडताक्षणी फीत सुटते.

खर्चाचे म्हणाल तर या प्रणालीचा परवाना महाग आहे, आणि परवान्याविना वापरली की चित्रावर तिचे चिन्ह उमटते. मंडळाला ते परवडणार नसेल तर ओबीएस ही फुकट प्रणाली आहे. तिच्यात तक्ता नाही, तरी एकामागून एक दृश्ये मांडता येतात आणि पुढचे दृश्य आधी बाजूला पाहून मग सोडता येते. आमचे तेवढ्यावर भागेल.

तालमी येत्या रविवारी सुरू होतात. कन्नड नाटिकेच्या वेळी बटणावर ती बसेल, मी शेजारी. मराठीच्या वेळी मी बसेन, ती शेजारी. शेजारच्याने पुढच्या फितीचे नाव मोठ्याने वाचायचे आणि बटणावरच्याने होकार द्यायचा. त्यासाठी मी सध्या कन्नड मुळाक्षरे गिरवतो आहे. तिचे मराठी वाचन माझ्या कन्नडपेक्षा बरे आहे, हे तिने मला दोनदा ऐकवले आहे.