लेडीज जिमचे घड्याळ कोणाच्या हातात?

रमजानचा चांद दिसला की आपल्या शहरातल्या जिमचे वेळापत्रक बदलते. तरावीह आटोपून तरुण मुले थेट जिम गाठतात आणि रोशन गेट, कटकट गेट, किराडपुरा या भागांत रात्री उशिरापर्यंत लोखंड वाजत राहते. 'ओन्ली फॉर लेडीज' अशी पाटी लावलेल्या जिमही आता शहरात कमी नाहीत. त्यांच्या दारावर मात्र रमजानात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट दिसते. एक तर कुलूप, नाहीतर नेहमीचीच दुपारची बॅच. चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते, "बाजी, अब ईद के बाद आओ."

लेडीज जिम चांगली की वाईट, हा वाद आता जुना झाला. जिथे पुरुष नाहीत, काचेतून कोणी डोकावत नाही, डोक्यावरची ओढणी बाजूला ठेवून निवांत घाम गाळता येतो, अशी जागा हवीच. माझ्या मते प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पुरुषांना बाहेर ठेवले एवढ्याने जिम बायकांची होते का? बायकांच्या दिवसात ती बसते का, आणि वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या गरजांच्या बायकांना ती काही देते का? एरवी हे प्रश्न झाकून राहतात. रमजानात ते उघडे पडतात.

आधी वेळेचे बघू. सामायिक जिममध्ये 'लेडीज बॅच' बहुधा सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात कुठेतरी असते. का? कारण त्या वेळी पुरुष कामावर असतात आणि मशीन रिकाम्या असतात. म्हणजे पुरुषांना नको असलेली वेळ ती बायकांची वेळ. गंमत अशी की ज्या जिममध्ये पुरुष येतच नाहीत, त्यांनीही हेच वेळापत्रक उचलले आहे. सकाळी दोन-तीन तास, दुपारी दोन-तीन तास आणि दिवेलागणीला शटर खाली.

आता हे वेळापत्रक रोजा असलेल्या बाईच्या दिवसावर ठेवून बघा. यंदा इफ्तार साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान आहे आणि सहेरीची वेळ साडेपाचच्या आसपास संपते. म्हणजे रोजा तेरा तासांचा. पण बाईचा दिवस साडेपाचला सुरू होत नाही. ती चारला उठते. सगळ्यांना उठवायचे, रोट्या शेकायच्या, स्वतः शेवटी दोन घास खायचे, फज्रची नमाज, मग डोळा लागतो न लागतो तोच मुलांची शाळा. शिक्षिका, नर्स किंवा दुकानात काम करणारी असेल तर नोकरी. जुहरनंतर थोडी पाठ टेकते, आणि असर झाली की पुन्हा स्वयंपाकघर. मगरिबला खजूर तोंडात टाकून ती पुन्हा चुलीपुढे असते, कारण समोसे गरमच लागतात. त्यात आपल्या शहरातल्या पाण्याचा हिशेब वेगळा. वर्षानुवर्षे इथल्या बायकांनी नळाला पाणी येण्याचा दिवस पाहून लग्नाच्या तारखा सोडून बाकी सगळे ठरवले आहे. पाणी आले की रोजा असो नसो, ड्रम भरायचे ते तिनेच.

या दिवसात स्वतःसाठी म्हणून दोनच फटी उरतात. एक दुपारची, जेव्हा शरीरातले पाणी निम्म्या वाटेवर आलेले असते आणि झोप अपुरी असते. दुसरी रात्री साडेनऊनंतरची, जेव्हा पोटात अन्न आहे, पाणी पिता येते आणि भांडी धुऊन झालेली असतात. लेडीज जिम पहिल्या फटीत उघडी आणि दुसऱ्या फटीत बंद असते. मग महिनाभर कोणी आले नाही की मालक म्हणतात, रमजानात बायका येतच नाहीत हो.

रोजा ठेवून व्यायाम करू नये, असे मानणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. निरोगी माणसाला तसे काही बंधन नाही. फक्त वेळ आणि जोर यांचे भान हवे. इफ्तारच्या आधीच्या पाऊण तासात हलके चालणे, ताण देण्याचे व्यायाम चालतात, कारण थोड्याच वेळात पाणी मिळणार असते. वजन उचलणे, दम लागेल असे काही करणे रात्री, इफ्तारनंतर दोन-अडीच तासांनी बरे. सहेरीनंतर लगेच घाम गाळणे मात्र शहाणपणाचे नाही, पुढचे तेरा तास ते पाणी भरून निघत नाही. आणि या महिन्यात वाढवण्याचा हट्ट नको, जे कमावले ते टिकवले तरी पुष्कळ. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस, अर्धा-पाऊण तास पुरतो. ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रोजा आणि व्यायाम दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. रक्तातली साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. साखर तपासण्यासाठी बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही, हेही अनेकींना माहीत नसते.

मासिक पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, ते रोजे नंतर भरून काढायचे असतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी घरात त्याबद्दल एक चमत्कारिक लपवाछपवी चालते. सासरे, दीर, मोठी मुले यांना कळू नये म्हणून बाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घाईने काहीतरी खाते, पुष्कळदा दिवसभर पाणीही पीत नाही. चांगली लेडीज जिम ही अशी जागा होऊ शकते, जिथे ती पाण्याची बाटली उघडपणे तोंडाला लावेल आणि कोणी भुवई उंचावणार नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी रमजानात जिम चालू ठेवीन.

आता दुसरी गोष्ट, उद्दिष्टांची. बहुतेक लेडीज जिमच्या फलकावर एकच वाक्य असते, इतक्या दिवसांत इतके किलो कमी. लग्नाच्या मोसमात ते चालते. पण जिममध्ये येणाऱ्या सगळ्याच जणी वजन कमी करायला येत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 48 टक्के होते, म्हणजे ते वाढले आहे. अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला तासभर ट्रेडमिलवर पळवणे हा व्यायाम नव्हे. तिला आधी तपासणी, आहार आणि हळूहळू ताकद वाढवणारे काम हवे. चाळिशीतल्या बाईला गुडघे वाचवायचे असतात. कोणाला बाळंतपणानंतर कंबर सावरायची असते, कोणाला पीसीओडीमुळे डॉक्टरांनी पाठवलेले असते, तर साठीच्या आजींना नमाजमध्ये सजद्यातून आधाराशिवाय उठायचे असते. शेवटचे उद्दिष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. आणि ते साध्य होण्यासारखे आहे. मांड्यांची ताकद साठीतही वाढते.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली तर वेगळाच गट. महिला शिपायाच्या शारीरिक चाचणीत 800 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि गोळाफेक असते, एकूण 50 गुणांची. गुण सेकंदांवर आणि मीटरवर मिळतात, भरतीची तारीख रमजान पाहून लागत नाही. अशा मुलीला गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलासारखे मैदान तर हवेच, पण खांदा आणि पाय मजबूत करायला वजनेही हवीत. ती लेडीज जिममध्ये येते आणि तिच्या हातात काय पडते? दोन किलोचे गुलाबी डंबेल. ज्या शहरातल्या बायका वीस लिटरची कॅन कमरेवर घेऊन दोन जिने चढतात, त्या शहरातल्या जिमवाल्यांना बायकांच्या ताकदीचा अंदाज इतका चुकावा, याचे आश्चर्य वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, आणि त्याबरोबरच किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे, दुसरा लेडीज जिममध्ये पोचलेलाच नाही.

फक्त बायकांसाठी जिम ही कल्पना जगभर गाजली ती 'कर्व्हज' या अमेरिकन साखळीमुळे. 1992 मध्ये टेक्सासमधल्या हार्लिंजन या गावात तिचे पहिले केंद्र निघाले. तिथे पुरुष नव्हते, पण तिचा खरा शोध पडदा हा नव्हता, वेळ हा होता. तीस मिनिटांत यंत्रांची एक फेरी पूर्ण करायची, कधीही यायचे, मध्येच सामील व्हायचे. मुले आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला तासाभराची बॅच जमत नाही, हे त्यांनी आधी ओळखले. सगळ्यांना एकच साचा, हा तिचा दोषही तिथेच होता. सौदी अरेबियातसुद्धा 2017 पासून महिलांच्या जिमला रीतसर परवाने मिळू लागले. तेव्हा बायकांनी व्यायामशाळेत जाणे आपल्या रीतीत बसत नाही, असे सांगणाऱ्यांनी नवे कारण शोधावे.

कारणे मात्र सापडतात. हा इबादतचा महिना, त्यात जिम कशाला, असे ऐकू येते. हे वाक्य रात्री जिमला जाणाऱ्या मुलांना कोणी ऐकवत नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे कथन हदीसमध्ये आहे आणि दुबळ्या मोमिनापेक्षा सशक्त मोमिन अल्लाहला अधिक प्रिय असल्याचेही आले आहे. तीस दिवस तरावीहमध्ये उभे राहायला पायात बळ लागते, हे तर कोणालाही कळावे. मार्च 2025 मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या सामन्यात मोहम्मद शमीने मैदानावर काहीतरी प्यायले, त्यावर देशभर किती चर्चा झाली! एका खेळाडूच्या रोजाची काळजी सगळ्यांना होती. घरोघरी उपाशीपोटी ड्रम भरणाऱ्या बाईच्या तब्येतीवर तेवढी चर्चा मी अजून ऐकलेली नाही.

रात्री बाई जिमला कशी जाणार, हा दुसरा आक्षेप. तो खोटा नाही. सिडकोतून रोशन गेटला रात्री दहाला एकटीने जाणे सोपे नाही. पण त्याच रमजानात रात्री साडेअकराला सिटी चौकात ओढणी मॅच करायला, शहागंजात बांगड्या घ्यायला गर्दीने जाता येते, सोबत नणंद, भावजय, शेजारीण असते. तसेच जिमलाही जाता येईल. अट एकच, जिम मोहल्ल्यात, चालत जाण्याच्या अंतरावर हवी. मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत जिमपेक्षा गल्लीतली दोन खोल्यांची जिम रमजानात जास्त उपयोगी पडेल, असे मला वाटते. तिथे मशीन चार कमी असतील, पण दहाला शटर उघडे असेल. सोबत आलेल्या लहान मुलांसाठी एक सतरंजी टाकली तर आणखी दहा जणी येतील.

पैशांचा विषय थोडक्यात. वर्षाचे पॅकेज स्वस्त म्हणून घेतले जाते आणि रमजान, माहेर, आजारपण, मुलांच्या परीक्षा यात निम्मे वर्ष बुडते. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी एवढे लिहून घ्यावे की महिनाभर सभासदत्व थांबवता येईल का आणि ते दिवस पुढे मिळतील का. प्रशिक्षक बाई आहे की फक्त काउंटरवर बाई आहे, तिचे शिक्षण काय, कॅमेरे कुठे लावले आहेत आणि त्यांचे चित्रण कोण बघते, हेही विचारावे. यात संकोच कसला? कपड्याच्या दुकानात आपण चाळीस सूट काढायला लावतोच की.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 आणि 2019 मध्ये तो मे महिन्याच्या उन्हात होता, तेव्हा दिवसा काही करणे अशक्यच होते. आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे आणि 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा येईल. पुढची काही वर्षे रोजे छोटे आणि हवा थंड असणार आहे. रात्री बॅच चालवायला याहून बरा काळ मिळणार नाही.

उलट 'ईद के बाद' काय असते ते पाहा. लगेच शव्वालचे सहा रोजे, सुटलेले रोजेही बऱ्याच जणी त्याच काळात उरकतात. मग मराठवाड्याचा एप्रिल, पारा चाळिशीवर. मग लग्नसराई, मग मुलांची सुट्टी आणि पाहुणे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर बघू म्हणता म्हणता मार्चमध्ये जिम सोडलेली बाई दिवाळीच्या सवलतीत पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करते, तोवर गुडघा आणखी थोडा बोलायला लागलेला असतो.

रमजानचे अजून दिवस बाकी आहेत. गल्लीतल्या आठ-दहा जणींनी मिळून जवळच्या लेडीज जिमच्या मालकिणीकडे रात्री पावणेदहा ते पावणेअकराची बॅच मागावी. भाडे तर तिला महिनाभर भरावेच लागते, मग शटर बंद ठेवून तिचा फायदा तो काय?