सोडून दिली तर बिघडले काय?



मालिका मध्येच सोडणाऱ्या प्रेक्षकांना धीर नाही, अशी तक्रार करणारे पत्र वाचले. आम्हा संभाजीनगरकरांना धीर शिकवू नये. इथे नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात आठवडा जातो. मुद्दा आहे तो गोष्टीला शेवट ठरलेला आहे का, याचा.

पत्रलेखकांनी दाखला दिला ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचा. २००१ ते २०१३, तीन हजारांहून अधिक भाग. त्यातले रोहिणी हट्टंगडींचे काम मीही आवडीने पाहिले. पण तेवढ्या काळात बालवाडीतली मुले दहावीपर्यंत पोचतात! रोजच्या मालिकेचे कथानक टीआरपीकडे बघून वळते. आकडा चढला की लग्न लांबते, पडला की कुणाची तरी स्मृती जाते. दोन महिने गाळून परत या, काहीही चुकलेले नसते. मग सोडणाऱ्याचा काय दोष?

याउलट ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. सप्टेंबर २०१७मध्ये सुरू झाली, फेब्रुवारी २०२०मध्ये संपली. इतिहासामुळे शेवट सगळ्यांना ठाऊक होता, तरी आमच्या घरी एकही भाग कुणी चुकवला नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच. ‘रात्रीस खेळ चाले’मुळे मालवणी बोली घरोघर गेली, ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे कोल्हापूरची, ‘लागिरं झालं जी’मुळे साताऱ्याची. आमच्या मराठवाड्याची बोली नायक-नायिकेच्या तोंडी क्वचितच. आलीच तर बहुधा हशा पिकवायला. ती एकदा नीट आणा, मग कोण किती टिकतो ते बघू.

— एक प्रेक्षक, सिडको, छत्रपती संभाजीनगर