मिश्री : दंतमंजन कीं व्यसन?

चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, गर्भास अपायकारक अशा गोष्टींची लांबलचक यादी आहे. तींत 'मद्यनित्या' स्त्रीचाही उल्लेख येतो. तिचें अपत्य सदा तहानलेलें, अल्प स्मरणाचें किंवा अस्थिर चित्ताचें निपजतें, असें आचार्य सांगतात. मद्यपी मातांच्या अर्भकांचीं लक्षणें पाश्चात्य वैद्यांनीं १९६८ सालीं फ्रान्सांत व १९७३ सालीं अमेरिकेंत नोंदविलीं. प्राचीनांचा डंका पिटण्याचा आमचा हेतु नाहीं. तो पिटणारे पुष्कळ आहेत. आमचें लक्ष वेधलें तें 'नित्या' या पदानें. अपाय केवळ अतिरेकांत नसून रोजच्या संवयींत आहे.

चरकास तंबाखू ठाऊक असणें शक्य नव्हतें. ती आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. आली ती मात्र थेट स्वयंपाकघरांत शिरली. पानें तव्यावर काळीं होईपर्यंत भाजावीं, कुटून वस्त्रगाळ करावीं, कीं मिश्री अथवा मशेरी तयार. सकाळीं बोटानें हिरड्यांस लावावयाची, मग दुपारीं जेवणानंतर, मग निजतांना. हिनें दांत स्वच्छ राहतात, कोठा साफ होतो, न लावल्यास डोकें चढतें, असें लावणाऱ्या सांगतात. तें डोकें चढणें हीच व्यसनाची साक्ष होय. परंतु हिला व्यसन म्हणतो कोण? डॉक्टरांनीं "तंबाखू खातां काय?" असें विचारलें तर गृहिणी "नाहीं" म्हणते, आणि तें खोटें बोलत नाहीं, मिश्री खात नाहींत, लावतात! (शिक्षकवर्गाच्या तपकिरीच्या डबीविषयीं आम्ही तूर्त मौन धरितों.)

मुंबईंत डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घरोघर चौकशी करून १,२१७ गर्भवतींची पाहणी केली. ती २००४ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं शेंकडा १७ जणी धूररहित तंबाखू वापरीत, बहुतेक मिश्रीच. सांपत्तिक स्थिति, शिक्षण इत्यादि कारणें हिशेबांत घेऊनही त्यांच्या बालकांचें वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलें व जन्म सुमारें सहा दिवस आधीं झाला. २००६ सालचा निष्कर्ष अधिक दारुण आहे : तंबाखू न वापरणाऱ्या मातांत शंभरीं सुमारें तीन मृतजन्म, वापरणाऱ्यांत जवळजवळ नऊ.

कारण गूढ नाहीं. निकोटीन हिरड्यांतून रक्तांत व वारेंतून गर्भांत पोंचतें. रक्तवाहिन्या आकुंचन पावून पोषण व प्राणवायु कमी पडतो. मेंदू घडण्याच्या काळांत तें त्याच्या पेशींच्या वाढींत ढवळाढवळ करितें, असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलें आहे.

१९९२ सालीं सरकारनें दंतमंजनांत तंबाखू घालण्यास बंदी केली. घरच्या तव्यावर तो हुकूम कसा चालावा? तेथें सत्ता सासूबाईंची. डोहाळ्यांनीं बेजार झालेल्या सुनेस "तोंडाला चव येईल हो" म्हणून डबी मायेनेंच पुढें केली जाते. म्हणून डॉक्टरांनीं "मिश्री लावतां काय?" असें नांव घेऊन विचारावें, आणि तेंही सासूबाईंच्या देखत.

संवय सोडतांना आरंभीं डोकें दुखतें, चिडचिड होते, शौचास होत नाहीं. तें डॉक्टरांस निःसंकोच सांगावें. कोठ्यासाठीं रात्रीं भिजविलेल्या काळ्या मनुका द्याव्या, अशी पुस्ती आमच्या घरांतून जोडण्यांत आली आहे.